कोरियन भाषेतील दागिन्यांचे शब्द आणि त्यांना जोडून येणारी क्रियापदे

रानजाई

नमस्कार. कोरियन शिकणाऱ्या मराठी मंडळींच्या वह्यांमध्ये दागिन्यांच्या पानावर जवळजवळ एकच यादी असते : बान्जी म्हणजे अंगठी, मोक्कॉरी म्हणजे गळ्यातले, ग्वीगॉरी म्हणजे कानातले, फाल्च्ची म्हणजे हातातले. यादीत चूक काहीच नाही, पण ती पाठ करून वाक्य बोलायला गेले की अडायला होते. "तिने अंगठी घातली आहे" आणि "तिने घड्याळ घातले आहे" या दोन वाक्यांतल्या "घालणे" या एका शब्दासाठी कोरियनमध्ये दोन वेगळी क्रियापदे लागतात, आणि यादीत ती कोणीच लिहून ठेवलेली नसतात. म्हणून दागिन्याचे नाव आणि त्याचे क्रियापद ही जोडी एकत्रच शिकावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते आणि त्यासाठी हा धागा काढत आहे.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. आपण साडी नेसतो, गजरा माळतो, बांगड्या भरतो, फेटा बांधतो, टिकली लावतो, आणि आपल्या जुन्या बायका दागिने "लेत" असत. "तिने गजरा नेसला" असे कोणी म्हटले तर अर्थ कळतो, पण कानाला ते सहन होत नाही. "बान्जीरुल इबॉस्सॉयो" हे वाक्य कोरियन माणसाच्या कानाला असेच खुपते, कारण इप्त्ता हे क्रियापद अंगावरच्या कपड्यांचे आहे, अंगठीचे नव्हे. आपल्यापैकी बहुतेक जण इंग्रजी माध्यमातल्या पुस्तकांवरून कोरियन शिकतात, आणि तिथे सगळ्या अंगावरच्या वस्तूंना एकच क्रियापद पुरत असल्यामुळे आपल्या मायबोलीतली ही जाणीव वाटेतच गळून पडते. ती परत आणली की अर्धे काम होते.

आता मुख्य क्रियापदे पाहू. (लिहिताना मी ऑ हे अक्षर ओठ गोल न करता म्हणायच्या त्या स्वरासाठी वापरत आहे, आणि जोडाक्षरे दाबून म्हणायच्या व्यंजनांसाठी.) ज्या वस्तूत शरीराचा भाग सरकवला जातो तिला क्कीदा लागते : अंगठी, हातमोजे, डोळ्यांत घालायच्या लेन्स. जी वस्तू शरीराभोवती अडकवून बसवली जाते तिला छादा : मनगटी घड्याळ, हातातले कडे, पायातले, कमरेची तलवार. आरोपीच्या हातात हातकड्या असतात तेव्हाही त्याच्याबद्दल छादाच म्हणतात, आणि हे एक उदाहरण लक्षात ठेवले की छादामागची कल्पना पक्की होते. गळ्यातल्या आणि कानातल्या दागिन्यांना बहुतेक वेळा साधे हादा, म्हणजे "करणे", चालते. मोक्कॉरीरुल हादा, ग्वीगॉरीरुल हादा. गळ्यातल्याला गॉल्दा, म्हणजे "टांगणे, अडकवणे", हेही येते, आणि ऑलिंपिकच्या बातम्यांत खेळाडूने सुवर्णपदक "गळ्यात टांगले" असेच वाक्य ऐकू येते. टोपी आणि चष्म्याला स्सुदा, बूट आणि पायमोज्यांना शिन्त्ता, केसांत खोवायच्या पिनेला क्कोत्ता, छातीवर लावायच्या ब्रोचला दाल्दा. चष्म्याला क्कीदासुद्धा म्हणतात, कानातल्यालाही पुष्कळ जण म्हणतात, त्यामुळे या भिंती पोलादी आहेत असे समजू नये.

मोक्कॉरी हा शब्द मोडून पाहा : मोक म्हणजे मान, आणि कॉरी हा गॉल्दा या क्रियापदातून आलेला भाग, म्हणजे "मानेवर टांगलेले ते". ग्वी म्हणजे कान, म्हणून ग्वीगॉरी. खो म्हणजे नाक, म्हणून खोगॉरी. शब्दातच क्रियापद बसलेले आहे, जसे आपल्याकडे डुलतो तो डूल. या घडणीवरून कोरियनमध्ये एक म्हणही आहे : ग्वीए गॉलम्यॉन ग्वीगॉरी, खोए गॉलम्यॉन खोगॉरी. कानात अडकवले तर कानातले, नाकात अडकवले तर नाकातले. म्हणजे एखाद्या नियमाचा किंवा बोलण्याचा सोयीप्रमाणे हवा तो अर्थ लावणे. राजकारणावरच्या चर्चेत ती हमखास येते. कानातले, नाकातले आणि टांगणे हे तीन शब्द एका ओळीत मिळतात, म्हणून नवशिक्यांना मी ही म्हण पहिल्या आठवड्यातच पाठ करायला सांगते.

दागिना उतरवण्याची क्रियापदेही वेगळी आहेत, आणि पुस्तके ती सहसा गाळतात. अंगठी आणि कानातले ओढून काढायचे असते, म्हणून प्पेदा. घड्याळ, पट्टा, गळ्यातले यांचे बंधन सोडायचे असते, म्हणून फुल्दा. टोपी, चष्मा आणि कपडे यांना बॉत्ता. तपासणीसाठी दवाखान्यात गेल्यावर ही तिन्ही एका दमात ऐकावी लागतात, तेव्हा यांचा खरा उपयोग होतो.

अनुस्वार

रानजाईताई, धागा फार उपयोगी आहे. उच्चाराची एक बाजू जोडतो, कारण दागिन्यांच्या शब्दांत एक जोडी अशी आहे जिथे एका श्वासाचा फरक पुरतो. फाल म्हणजे हात, बाल म्हणजे पाऊल. फाल्च्ची हातात असते आणि बाल्च्ची पायात. शब्दाच्या सुरुवातीचा कोरियन ब आपल्या ब इतका घोषयुक्त नसतो, तो प च्या जवळ जातो. त्यामुळे ऐकताना मराठी कानाला "फाल्च्ची" आणि "पाल्च्ची" असा भेद पकडायचा असतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा भेद अवघड जातो, पण आपल्याला पाय आणि फाय यांतला फरक जन्मापासून कळतो. अट एवढीच की फ हा दोन्ही ओठ मिटून म्हणावा, "फणस" म्हणताना आजी म्हणायची तसा. दात खालच्या ओठावर टेकवून म्हटलेला फ इथे चालत नाही.

बाल्च्ची या शब्दाबद्दल एक सावधगिरीही सांगतो. दक्षिण कोरियात २००८ पासून लैंगिक गुन्ह्यांतल्या गुन्हेगारांच्या पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बसवला जातो, आणि त्याला जॉन्जा बाल्च्ची म्हणतात. बातम्यांत हा शब्द दागिन्यापेक्षा त्याच अर्थाने अधिक भेटतो. त्यामुळे पैंजणाबद्दल बोलताना संदर्भ स्पष्ट ठेवलेला बरा.

आणखी एक. मोक्कॉरी लिहिताना "टांगणे" दाखवणारे मूळ रूप जपून लिहावे लागते. उच्चाराप्रमाणे सरळ लिहिले तर तो घसा सुजण्याच्या आजाराचा शब्द होतो. उच्चार दोन्हींचा सारखाच, लेखन वेगळे, आणि कोरियन शुद्धलेखनाच्या नियमांत हे उदाहरण मुद्दाम दिलेले आहे. शब्दाच्या पोटातले क्रियापद ओळखले की ही चूक होत नाही, म्हणून रानजाईताईंचा मुद्दा लेखनालाही लागू पडतो.

रानजाई

अनुस्वार, मनापासून आभार. आजाराच्या शब्दाचे उदाहरण मी वर्गात नक्की सांगेन. याला जोडूनच सांगते की कानातल्याला ग्वीगॉरी आणि ग्वीगोरी असे दोन्ही शब्द प्रमाण मानले जातात आणि ते एकमेकांचे चुकीचे उच्चार नव्हेत. पहिल्यात टांगण्याचे क्रियापद आहे, दुसऱ्यात गोरी म्हणजे कडी किंवा वेढे आहे. हीच गोरी किल्ल्यांच्या यॉल्स्वेगोरीत येते, यॉल्स्वे म्हणजे किल्ली. ऑ आणि ओ यांचा फरक कानाला बसवण्यासाठी या जोडीइतका चांगला सराव मला दुसरा सापडलेला नाही. कान न टोचता चिमट्याने लावायच्या कानातल्याला ग्वीच्ची म्हणतात. फाल्च्ची, बाल्च्ची यांच्या धर्तीवर कान या शब्दाला तोच शेवट जोडलेला आहे. कान टोचण्याला ग्वीरुल त्तुल्था, आणि यातले त्तुल्था हे भोक पाडण्याचे क्रियापद बोगदा खणण्यापर्यंत सगळीकडे चालते.

सराफकट्टा

आमच्या घरी तीन पिढ्या सराफीचे काम आहे, आणि भाचीमुळे मी या वयात कोरियन शिकू लागलो आहे. दुकानातल्या भाषेबद्दल चार ओळी लिहितो.

सोन्याचांदीच्या दुकानाला कोरियनमध्ये गुमुनबांग म्हणतात. गुम म्हणजे सोने, उन म्हणजे चांदी, बांग म्हणजे खोली. सोलमधल्या जोंगनो भागात अशा दुकानांच्या रांगा आहेत. मौल्यवान धातूंना ग्वीगुमसोक हा शब्द आहे, आणि त्यातला ग्वी पाहून मी सुरुवातीला तो कानाशी जोडला होता. हा ग्वी चिनी मुळाचा असून त्याचा अर्थ "मौल्यवान" असा आहे. कानाचा ग्वी मूळ कोरियन आहे. होबाक या शब्दाचेही तसेच आहे : बाजारात तो भोपळा असतो आणि दागिन्यात तृणमणी. मोत्याला जिंजू, पोवळ्याला सान्हो, रत्नाला बोसॉक.

वजनाची गोष्ट मला सर्वांत जास्त आवडली. कोरियात सोने "दोन" नावाच्या मापाने मोजतात. एक दोन म्हणजे ३.७५ ग्रॅम, आणि दहा दोन मिळून एक न्यांग, म्हणजे ३७.५ ग्रॅम. मराठी माणसाला "हान दोन" ऐकून दोन नग वाटतील, पण त्याचा अर्थ "एक दोन" असा आहे, कारण हान म्हणजे एक. आपला जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि त्याचे बारा मासे, म्हणजे एक कोरियन दोन चार माशांना जरा कमी भरतो आणि तीन दोन मिळून जवळजवळ जुना तोळा होतो. आपल्याकडे तोळा कागदोपत्री गेला आणि दहा ग्रॅमच्या रूपाने तोंडी राहिला, तसेच तिकडे झाले आहे : २००७ पासून सरकारने मेट्रिक मापांचा आग्रह कडक केला, तरी गिऱ्हाईक अजून दोनमध्येच विचारते.

शुद्धतेचा हिशोब मात्र वेगळा आहे. आपल्याकडे दागिना म्हटला की २२ कॅरट, म्हणजे ९१६ चे सोने, डोळ्यांपुढे येते. तिकडे रोजच्या वापरातला दागिना १४ किंवा १८ कॅरटचा असतो आणि त्याला शिप्साखेई, शिप्पालखेई म्हणतात. शुद्ध सोन्याला सुन्गुम.

अनुस्वार

सराफकट्टाकाका, मोजणीचा एक बारकावा जोडतो, कारण तो थेट दोनशी संबंधित आहे. तीनला विशेषण म्हणून एरवी से म्हणतात आणि चारला ने. पण दोन, मल यांसारख्या काही जुन्या मापांपुढे ही रूपे सॉ आणि नॉ अशी होतात, म्हणून प्रमाण भाषेत "सॉ दोन", "नॉ दोन". बोलताना पुष्कळ जण "से दोन" म्हणतात, परंतु परीक्षेत आणि लेखनात सॉ दोन हेच धरावे. आपल्याकडे तीनचे तिपदरी आणि चारचे चौपदरी होते, त्यामुळे संख्येने जागा पाहून रूप बदलणे आपल्याला नवे नाही. सॉ हे रूप एका म्हणीत घट्ट बसलेले आहे : गुसुरी सॉ मारिरादो क्क्वेऑया बोबे. तीन मल मणी असले तरी ओवले तरच ते रत्नहार होतात, असा तिचा अर्थ. मल हे सुमारे १८ लिटरचे धान्याचे माप. यातले क्क्वेदा म्हणजे आपले ओवणे, आणि मण्यांच्या शब्दांबरोबर ते क्रियापदही लिहून ठेवण्यासारखे आहे.

हानगांगकाठ

मी गेली काही वर्षे सोलमध्ये राहते. वरची चर्चा सोन्याची झाली, पण इथे रोज कानावर पडणारे शब्द केसांच्या सामानाचे आहेत, आणि ते मला अधिक गोड वाटतात, कारण बहुतेक शब्द वस्तूचे चित्र उभे करतात. दोन जबड्यांच्या चापाला जिप्क्केफिन म्हणतात. जिप्क्के म्हणजे चिमटा. टिक्‌ करून बसणाऱ्या पिनेला त्तोक्त्ताक्फिन, हे आवाजावरून. बारीक काळ्या पिनेला शिल्फिन, शिल म्हणजे दोरा. केसांच्या पट्ट्याला मॉरित्ती. कापडाच्या चुणीदार रबराला गोप्छांग म्हणतात, आणि गोप्छांग म्हणजे आतडी. भाजलेली आतडी हा इथला आवडता पदार्थ आहे आणि चुण्यांचे साम्य खरोखर दिसते.

दुकानात मला एक शब्द सतत लागला, तो म्हणजे च्चाक. कानातल्यांची जोडी हान स्सांग, आणि जोडीतला एक नग हान च्चाक. कानातले हरवते ते नेहमी एकच, त्यामुळे "ग्वीगॉरी हान च्चागुल इरॉबॉर्यॉस्सॉयो", म्हणजे "माझे एका कानातले हरवले", हे वाक्य मला पहिल्याच वर्षी दोनदा वापरावे लागले. हातमोजे, पायमोजे आणि बूट यांच्या जोडीला मात्र स्सांग चालत नाही, तिथे ख्यॉल्ले हा शब्द आहे.

व्याकरणाची एक अडचणही मांडते. "बान्जीरुल क्कीगो इस्सॉयो" या वाक्याचे दोन अर्थ होतात : ती अंगठी घालते आहे, किंवा तिच्या बोटात अंगठी आहे. मराठीत "घालते आहे" आणि "घातली आहे" असे आपण चटकन वेगळे करतो. कोरियनमध्ये संदर्भावरून ओळखावे लागते, आणि व्यवहारात बहुतेक वेळा दुसरा अर्थ असतो. शिक्षकांनी हे आधी सांगितले असते तर माझा बराच गोंधळ वाचला असता.

शिलालेख

माझी आवड वस्तुसंग्रहालयांची असल्यामुळे तिथल्या पाट्यांवरचे शब्द सांगतो. तिथे "ॲक्सेसॉरी" नसते, जांगशिन्गू असते, म्हणजे अंगावर लेण्याची साधने. माझ्या मते "लेणे" या आपल्या शब्दाच्या तो सर्वांत जवळ आहे. ग्यॉंगजू येथील शिल्ला राजवटीच्या थडग्यांत सोन्याचे मुकुट सापडले, त्यांना गुमग्वान म्हणतात; १९७३ साली छॉन्माछोंग या थडग्याच्या उत्खननात निघालेला मुकुट त्यांपैकीच. त्यावर स्वल्पविरामाच्या आकाराचे हिरवे मणी लोंबतात, त्यांना गोगोक म्हणतात. शिल्लाच्या कर्णभूषणांना पूर्वी थेह्वानइशिक असा जड चिनी वळणाचा शब्द होता. आता पाटीवर गुल्गुनगोरी ग्वीगॉरी, म्हणजे जाड कडीचे कानातले, असे सरळ कोरियन लिहिलेले दिसते. रानजाईताईंनी सांगितलेली गोरी आणि गॉरी इथे एकाच नावात शेजारी शेजारी भेटतात.

फाल्च्ची हा शब्द माझ्या मनात एका वस्तूमुळे कायमचा बसला. गोंगजू येथे १९७१ साली बेक्जे राज्याच्या मुर्‍यॉंग राजाचे थडगे सापडले, आणि त्यात राणीच्या चांदीच्या बांगड्या होत्या. त्यांच्या आतल्या बाजूला कोरलेल्या मजकुरात, इसवी सन ५२० मध्ये दारी नावाच्या कारागिराने त्या राणीसाठी घडवल्या, असे लिहिले आहे. आपल्याकडच्या जुन्या दागिन्यांवर घडवणाऱ्या सोनाराचे नाव क्वचितच सापडते, म्हणून ती पाटी वाचताना मला फार भरून आले होते.

रानजाई

शिलालेख, हे वाचून मी थांबलेच. पारंपरिक शब्द निघालेच आहेत तर त्यांची क्रियापदेही सांगते. अंबाड्यात खोवायच्या लांब काडीला बिन्यॉ म्हणतात आणि तिचे क्रियापद क्कोत्ता, अगदी आपले खोवणे. अविवाहित मुलीच्या वेणीच्या टोकाला बांधायची फीत म्हणजे देंगी. राजघराण्यातल्या स्त्रियांच्या केशरचनेत त्तॉल्जाम असे, ज्याच्या स्प्रिंगांवर बसवलेली फुले चालताना थरथरत; नावातला त्तॉल म्हणजेच थरथरणे. हानबोक या पारंपरिक कोरियन पोशाखाच्या वरच्या कपड्याच्या बंधाला किंवा कमरेला लोंबणारे गोंडेदार लेणे म्हणजे नोरिगे, आणि त्याला छादा किंवा दाल्दा लागते. नोरिगे या शब्दाचा दुसरा अर्थ खेळणे असा आहे आणि माणसाबद्दल वापरला तर तो अपमान होतो, तेव्हा तो दागिन्यापुरताच ठेवावा.

अंगठीच्या दोन शब्दांतला भेदही महत्त्वाचा आहे. गाराक्च्ची ही जाड, जोडीने घालायची अंगठी विवाहित स्त्रियांची, आणि एकटी असेल तर ती बान्जी. बान म्हणजे अर्धा, म्हणून बान्जी ही जोडीतली अर्धी, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. आपल्या जोडव्यांची आठवण होते, फक्त ती पायाच्या बोटांत असतात. नथ, ठुशी, चिंचपेटी, बुगडी यांना कोरियन प्रतिशब्द शोधू नयेत असे माझे मत आहे. "नथ" असेच म्हणून पुढे "खोए हानुन जांगशिन्गू", म्हणजे नाकात घालायचे लेणे, असे सांगावे. खोगॉरी म्हटले की समोरच्याला आधुनिक नाक टोचणे आठवते, पेशवाई नथ नव्हे.

नवशिकी_तळेगाव

सर्वांना नमस्कार. मी एका कोरियन कंपनीत कामाला आहे आणि वर्षभरापासून भाषा शिकत आहे. आमच्या कोरियन साहेबांच्या मुलीचा पहिला वाढदिवस आहे. अशा वेळी सोन्याची अंगठी देतात असे ऐकले आहे. ते खरे आहे का, आणि पुढच्या महिन्यात सोलला गेल्यावर ती घेताना दुकानात काय म्हणावे?

हानगांगकाठ

होय, खरे आहे. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला दोल म्हणतात आणि त्या अंगठीला दोलबान्जी. रिवाजाप्रमाणे ती एक दोन वजनाची, शुद्ध सोन्याची असते. सोने महागल्यापासून एक ग्रॅमच्या अंगठ्याही मिळतात आणि त्या दिल्या तर कोणी वाईट मानत नाही. कार्यालयातल्या साहेबांसाठी मी तरी सहकाऱ्यांनी मिळून एक द्यावी असे सुचवीन.

या अंगठ्या घरात ठेवणीतल्या सोन्यासारख्या जपल्या जातात. १९९७ च्या शेवटी देश आर्थिक संकटात सापडल्यावर १९९८ च्या सुरुवातीला लोकांनी परकीय कर्ज फेडायला मदत म्हणून सोने जमा केले, तेव्हा लग्नाच्या अंगठ्यांबरोबर मुलांच्या दोलबान्जीही रांगेत उभे राहून दिल्या गेल्या. सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून सुमारे २२७ टन सोने दिले. त्या मोहिमेला गुम मोउगी उन्दोंग म्हणतात, म्हणजे सोने गोळा करण्याची चळवळ. इथल्या माझ्या वयाच्या मैत्रिणींना "तुझी दोलबान्जी आहे का" असे विचारले की पुष्कळदा हीच हकिकत ऐकायला मिळते.

दुकानात म्हणा : "हान दोनच्चारी दोलबान्जी बोयॉ जुसेयो", एक दोनची दोलबान्जी दाखवा. नंतर "सॉन्मुरिनिक्का फोजांगहे जुसेयो", भेट द्यायची आहे, बांधून द्या.

सराफकट्टा

पावती आणि शुद्धतेचे प्रमाणपत्रही मागून घ्या. पावतीवर सुन्गुम आणि ३.७५ ग्रॅम हे दोन्ही लिहिलेले असावे.

नवशिकी_तळेगाव

सर्वांचे आभार. दोन्ही वाक्ये वहीत लिहून घेतली. वाढदिवसाच्या दिवशी बाळाच्या बोटात अंगठी घालताना "क्किवॉ जुदा" म्हणायचे की नुसते क्कीदा?

रानजाई

क्किवॉ जुदाच. क्कीदा म्हणजे स्वतः घालणे, आणि क्किउदा हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याच्या बोटात घालणे. पुढचा जुदा "त्याच्यासाठी" असा भाव आणतो. बांगड्या आपण स्वतः भरतो आणि कासार भरून देतो, त्यातले "देतो" ते हेच.